पोलीस ठाण्यातून बातमी उचलणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

प्रति,
जिल्हा आवृत्त्यांचे संपादक, न्यूज पोर्टलचे मालक, यूट्यूबवर बातम्या देणारे आणि तालुक्या-तालुक्यातून ह्या सगळ्यांना बातम्या पुरवणारे बातमीदार

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बसणारा उपसंपादक. तालुक्यातून आलेली कॉपी तपासणं, हेडिंग देणं, पान लावणं हेच काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे बाहेरून येऊन कुणीतरी शिकवतंय असं समजू नका, तुमच्यातलाच एक जण बोलतोय असं समजा. ६ जानेवारीला पत्रकार दिन येतो, आपण सगळे बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालतो, दर्पणची आठवण काढतो, आणि त्याच आठवड्यात आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची पोस्ट पडते ज्यात त्या मुलीचं नाव सोडून बाकी सगळं असतं. मला बोलायचंय ते ह्या "नाव सोडून बाकी सगळं" बद्दल. आणि मग ओघाने आरोपीबद्दल, आत्महत्येच्या बातम्यांबद्दल, आणि हे सगळं ज्यांच्या नावावर चालतं त्या मालक लोकांबद्दल.

आपल्यात एक पक्का समज बसलाय की पीडितेचं नाव छापलं नाही म्हणजे झालं. शेवटी "नाव बदललेले आहे" लिहिलं की आपण सुटलो. आणि वर काय लिहिलेलं असतं? तालुका, गाव, वस्तीचं नाव, मुलगी नववीत शिकते, वडील ऊसतोडीला गेलेत, आई अंगणवाडीत मदतनीस, आरोपी नात्याने चुलता, आणि त्या चुलत्याचं आडनावासकट पूर्ण नाव. अहो दीड हजार वस्तीच्या गावात अशा मुली असतात किती? मुंबईत बसून वाचणाऱ्याला ती ओळखू येणार नाही हे खरं, पण तिला मुंबईत राहायचं नाहीये ना. तिला त्याच गावात राहायचंय, त्याच एसटीने शाळेत जायचंय, त्याच वर्गात बसायचंय, आणि पुढची दोन-तीन वर्षं केस चालेल तेव्हा त्याच रस्त्याने कोर्टात जायचंय. आपली बातमी वाचणारे निम्मे लोक तिच्या पंचक्रोशीतले आहेत, कारण आपण जिल्ह्याचा पेपर काढतो. म्हणजे ओळख लपवायची जबाबदारी दिल्लीच्या चॅनेलपेक्षा आपल्यावर कितीतरी जास्त आहे आणि आपण नेमकं उलटं वागतोय.

कायदा ह्याबाबत अगदी साफ आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, जुनं आयपीसीचं २२८-अ, लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ह्या कलमात नाव "किंवा ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट" असं आहे, नुसतं नाव नाहीये. आणि मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ लागतं, तिथे तर यादीच दिलीय: नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, राहता परिसर, आणि ओळख उघड होईल असा दुसरा कुठलाही तपशील. शाळा आणि परिसर हे शब्द कायद्यात लिहिलेले आहेत, मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. शिक्षा सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मुलाच्या हिताचं असेल तर विशेष न्यायालय ओळख उघड करायची परवानगी देऊ शकतं, पण ती परवानगी कोर्टाने द्यायची असते, संपादकाने नाही आणि ठाण्याच्या पोलीस निरीक्षक साहेबांनी तर नाहीच.

डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने निपुण सक्सेना खटल्यात हे आणखी स्पष्ट केलं. कोर्ट म्हणालं की नाव तर नाहीच, पण लांबूनसुद्धा ओळख पटू शकेल अशी कुठलीही माहिती देऊ नका. पीडिता मरण पावली असेल तरी नाही. नातेवाईक हो म्हणाले तरी परस्पर नाही, त्यासाठी कोर्टाकडे जावं लागतं. बऱ्याच बातमीदारांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं मुलगी गेली म्हणजे आता नाव, फोटो सगळं चालतं, उलट फोटो छापणं म्हणजे तिला न्याय मिळवून देणं. भावना समजते मला, रस्त्यावर मोर्चा निघालेला असतो, बॅनरवर तिचा फोटो असतो, बापच रडत रडत नाव घेत असतो. तरीसुद्धा कॅमेरा बॅनरवर न्यायचा नाही आणि आवाजातलं नाव म्यूट करायचं. जम्मूमधल्या कठुआच्या त्या लहान मुलीच्या अत्याचार आणि खुनाच्या प्रकरणात २०१८ मध्ये देशातल्या नामांकित माध्यमांनी तिचं नाव आणि फोटो छापला होता, त्यांना दिल्ली हायकोर्टाने प्रत्येकी १० लाख रुपये पीडित नुकसानभरपाई निधीत भरायला लावले. त्या समूहांना ते परवडलं, तालुक्यातल्या पोर्टलला परवडेल का?

बदलापूरचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे, ऑगस्ट २०२४. दोन लहानग्या मुली, शाळेतच अत्याचार, लोकांनी रेल्वे अडवली, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना फैलावर घेतलं. पत्रकारांनी तेव्हा ते प्रकरण लावून धरलं हे चांगलंच केलं, ते लावून धरलं नसतं तर दबलं असतं. पण शाळेचं नाव, शाळेचा बोर्ड, गेटचा फोटो, मुली कुठल्या वर्गात, हे दिवसभर सगळीकडे चाललं. शाळेच्या संस्थेला प्रश्न विचारायचेत म्हणून नाव पाहिजे असं सगळे म्हणत होते, आणि प्रश्न विचारायलाच पाहिजेत हेही खरं. पण मग विशेष न्यायालयात जाऊन परवानगी मागा ना. कायद्याने तो रस्ता ठेवलाय, आपल्यातला कुणी त्या रस्त्याने गेल्याचं मला तरी आठवत नाही.

आता व्हिडिओवाल्यांशी थोडं जास्त बोलतो कारण लिहिणाऱ्यापेक्षा त्यांच्याकडून जास्त नुकसान होतं. आईच्या तोंडाला रुमाल बांधून बाइट घेता. आवाज तोच, साडी तीच, मागे घराचं दार तेच, दारावर नाव असतं कधीकधी, गल्लीतलं देऊळ किंवा ग्रामपंचायतीचा बोर्ड फ्रेममध्ये. ब्लर टाकता तो पहिल्या दोन सेकंदांना नसतो. थंबनेलला तर वेगळाच फोटो जातो, तो ब्लर केलेलाच नसतो कारण थंबनेल दुसऱ्यानेच बनवलेलं असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही जण त्या मुलीलाच बोलतं करतात. तिने पोलिसांना सांगितलंय, डॉक्टरांना सांगितलंय, मॅजिस्ट्रेटसमोर सांगायचंय, नंतर साक्षीत परत सांगायचंय, आणि मधेच आपला माइक तिच्या तोंडासमोर. त्यात ती एक वाक्य इकडचं तिकडे बोलली की पुढे आरोपीचा वकील उलटतपासणीत तीच क्लिप काढतो, "तुम्ही चॅनेलला तर असं म्हणाला होतात." तुमच्या एका बाइटने तिची केस कमकुवत होऊ शकते. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर आज सांगतोय.

नेहमीची उत्तरं मला पाठ आहेत. "पोलिसांच्या प्रेस नोटमध्येच होतं." असेल, ठाणे अंमलदाराने चुकून दिलं असेल, म्हणून छापायची परवानगी मिळत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका सांगितलं तेव्हासुद्धा लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील एफआयआर वगळायला सांगितले होते, आणि निपुण सक्सेनाच्या निकालात बलात्कार आणि पॉक्सोचे एफआयआर सार्वजनिक करूच नका असं पोलिसांना बजावलंय. म्हणजे तुमच्या हातात कॉपी आली असेल तर आधीच कुणीतरी नियम मोडलाय, आपण त्यात दुसरा मोडायचा नाही. दुसरं उत्तर, "व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांकडे आहे." सगळ्यांकडे असेल तर तुम्ही टाकून लोकांना नवीन काय मिळालं? ग्रुपमधला फॉरवर्ड उद्या खाली जातो, तुमची लिंक मात्र त्या मुलीच्या लग्नाच्या वयापर्यंत गूगलवर राहते.

ह्यावर माझा एक साधा नियम आहे, डेस्कवर आम्ही तोच पाळतो. आरोपी नात्यातला असेल तर आरोपीचं नाव किंवा नातं, दोन्हींतलं एकही द्यायचं नाही. "परिचित व्यक्ती" लिहायचं. नात्यातला नसेल आणि अटक झाली असेल तर नाव देता येतं पण मग मुलीबद्दल वय सोडून काही नाही, आणि वयसुद्धा शक्यतो "अल्पवयीन" एवढंच. गाव नाही, पोलीस ठाण्याची हद्दसुद्धा नको कारण काही ठाण्यांत दहाच गावं असतात, तालुका किंवा नुसता जिल्हा. बातमी लहान होते, होऊ दे. लोकांना जे कळायला हवं ते तरी कळतं: गुन्हा झालाय, पोलिसांनी किती दिवसांनी नोंदवला, कुठलं कलम लावलं, मेडिकल कधी झालं, महिला अधिकारी होती की नव्हती, बालकल्याण समितीला कळवलं का. खरं तर हेच प्रश्न बातमीत नसतात. मुलीच्या बापाचा धंदा असतो आणि एफआयआर नोंदवायला चार दिवस का लागले हे नसतं.

पीडित मुलांसारखंच आरोपी मुलांचं. बाल न्याय कायद्याचं कलम ७४, कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं मूल असो, साक्षीदार मूल असो, नाव-फोटो-शाळा काही नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरना उडवलं तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटला होता, त्या मुलाच्या जामिनासाठी घातलेली निबंध लिहायची अट ऐकून तर माझाही संताप झाला होता. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, डॉक्टरांना अटक, ही सगळी बातमीदारी उत्तम झाली, पत्रकारांनी ती खणून काढली आणि त्याबद्दल त्यांना मनापासून सलाम. पण त्याच गर्दीत एका रॅपचा व्हिडिओ फिरला की हाच तो मुलगा जामिनावर सुटून मस्ती करतोय, लाखो लोकांनी तो खरा मानला, आणि तो त्या मुलाचा नव्हताच. राग खरा असतो तेव्हाच खोटा व्हिडिओ सगळ्यात सहज खपतो, आणि म्हणूनच तेव्हा पोस्ट करण्याआधी एक फोन जास्त करायचा असतो.

आता आरोपी. ह्यावर मला माहितीये बरेच जण म्हणतील की आरोपीचे कसले लाड. लाड नाहीत, थोडं ऐका.

पोलीस आरोपीला कोर्टात आणताना तोंडावर काळा बुरखा घालतात ते त्याची इज्जत राखायला नाही. पुढे तहसीलदार किंवा नायब तहसीलदारासमोर ओळख परेड व्हायची असते. फिर्यादीने किंवा साक्षीदाराने पाच-सात सारख्या दिसणाऱ्या माणसांतून आरोपी ओळखायचा. आता तुम्ही त्याआधी त्याचा आधार कार्डवरचा फोटो शोधून लाल गोल करून छापला, की ती परेडच संपली. बचावाचा वकील एकच प्रश्न विचारतो, पेपरमध्ये फोटो पाहिला होता का? साक्षीदार खरं बोलला तर हो म्हणतो, आणि ओळख परेडची किंमत शून्य. दरोडा, साखळीचोरी, अनोळखी माणसाकडून अत्याचार, अशा केसमध्ये तर कधीकधी सगळा पुरावा ओळखीवरच उभा असतो. म्हणजे ज्या पीडितेसाठी आपण एवढे कळवळून लिहितो तिचाच आरोपी सुटायला आपण मदत केलेली असते. हा फोटो छापून कुणाचं काय भलं झालं ते मला कुणीतरी समजावून सांगा.

तसंच "गुन्ह्याची कबुली". रोज कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यात हेडिंग असतं, आरोपीने दिली खुनाची कबुली. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही, जुन्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३. इंग्रजांच्या काळापासून हा नियम आहे कारण कोठडीत कबुली कशी मिळते हे तेव्हाही माहीत होतं. मग कोर्ट ज्याच्याकडे बघणार नाही ते आपण वाचकाला आठ कॉलममध्ये का सांगतो? पोलिसांचा दावा आहे असं तरी लिहा. दोन शब्द जास्त लागतात.

मुंबई हायकोर्टाने हे सगळं जानेवारी २०२१ मध्ये निलेश नवलखा प्रकरणात लिहून ठेवलंय, तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर चॅनेलांनी जे चालवलं होतं त्यावरचा निकाल. मीडिया ट्रायल म्हणजे न्यायदानात ढवळाढवळ, असं कोर्टाने स्पष्ट म्हटलं, आणि काय टाळायचं तेही सांगितलं: आरोपीच्या चारित्र्यावर चर्चा, साक्षीदारांच्या मुलाखती, पोलिसांसमोरची कबुली पुरावा असल्यासारखी दाखवणं, गुन्ह्याचं नाट्यरूपांतर, तपासातली गोपनीय माहिती फोडणं, कोर्टाच्या आधीच कोण दोषी ते जाहीर करणं. त्या प्रकरणात एका तरुण अभिनेत्रीला देशभर खलनायिका ठरवलं, जवळपास महिनाभर ती तुरुंगात होती, आणि मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करायचा क्लोजर रिपोर्ट दिला. त्या दिवशीची बातमी किती मिनिटं चालली आणि २०२० ची किती महिने, तुम्हीच आठवून बघा.

धर्म, पक्ष, कुठलं सरकार होतं ह्याने ह्यात फरक पडत नाही. मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोटात पकडलेल्या माणसांना २०१६ मध्ये कोर्टाने दोषमुक्त केलं. मालेगावच्याच २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी जुलै २०२५ मध्ये निर्दोष सुटले. मुंबईच्या २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांतले बाराही जण त्याच महिन्यात हायकोर्टातून सुटले, सुप्रीम कोर्टात अपील आहे आणि त्या निकालाचा दाखला इतर केसमध्ये वापरू नका असं सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, तरीही हायकोर्टाचा निकाल तो निकाल. ह्या तिन्ही वेळी अटकेच्या दिवशीच "मास्टरमाइंड" ठरले होते. ज्यांचे जीव गेले त्यांच्या घरच्यांना इतक्या वर्षांनीही हे कुणी केलं त्याचं उत्तर मिळालेलं नाही, आणि आपण तर पहिल्याच आठवड्यात उत्तर छापून मोकळे झालो होतो.

पोलिसांचाही दोष आहेच. पत्रकार परिषदेत जप्त केलेला माल टेबलावर मांडून, आरोपींना मागे रांगेत उभं करून फोटो काढायचे ही पद्धत त्यांचीच. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्रीय गृहमंत्रालयाला पोलिसांनी मीडियाला काय सांगावं ह्याची नियमावली बनवायला सांगितली, अर्धवट माहिती दिल्याने मीडिया ट्रायल होते हे कारण देऊन. पण पोलिसांनी दिलं म्हणून आपण घ्यायचंच, असं कुठे लिहिलंय?

बदनामीबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांना माहिती असते कारण तिची नोटीस येते. फक्त दोन गोष्टी. एक, "मी खरं छापलं" एवढं फौजदारी बदनामीत पुरत नाही, खरंही हवं आणि लोकहिताचंही हवं, आता हे न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. दोन, कागद हातात आला म्हणजे तो खरा असतो असं नाही. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धची पत्रं केसरी आणि मराठात छापली, हेतू अगदी स्वच्छ होता, महाराजांचा छळ होतोय म्हणून कळकळ होती, आणि ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकर दोघांनाही शिक्षा झाली, १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. एवढ्या मोठ्या माणसांची कळकळ त्यांना वाचवू शकली नाही. आज आपल्याकडे लेटरहेडचा स्क्रीनशॉट येतो आणि पाचव्या मिनिटाला ब्रेकिंग पडतं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन करा, खरंच करा, आणि उत्तर द्यायला वेळ द्या. रात्री अकराला एक मिस्ड कॉल देऊन "संपर्क होऊ शकला नाही" लिहायचं हे बंद करा. काय विचारलं, कधी विचारलं हे मेसेजवर लेखी पाठवा, पुढे कोर्टात तेच तुम्हाला वाचवतं.

आत्महत्येच्या बातम्यांवर मात्र मला थांबायचंय. आपण विदर्भ-मराठवाड्याचे लोक, शेतकरी आत्महत्या आपल्याकडे रोजची बातमी आहे, आणि ती बातमी द्यायलाच हवी कारण पीकविमा मिळाला नाही, बँकेने तगादा लावला, हे कुणीतरी विचारायला हवं. पण ती कशी देतो आपण? कोणतं औषध प्यायलं त्याचं नाव, कुठल्या झाडाला, किती वाजता, चिठ्ठीचा फोटो, त्या चिठ्ठीतली वाक्यं, बायकामुलं टाहो फोडतानाचा फोटो. प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींवरून नियम स्वीकारले: पद्धत सांगू नका, जागा सांगू नका, सनसनाटी हेडिंग देऊ नका, तीच बातमी पुन्हापुन्हा चालवू नका, फोटो-व्हिडिओ टाकू नका. ह्याच्यामागे कारण आहे, तशाच परिस्थितीतला दुसरा माणूस ती बातमी वाचत असतो. त्याला औषधाचं नाव कळतं, आणि हेही वाटतं की ह्याने सुटका होते. कर्ज हे एकच कारण सांगून टाकलं की त्याला वाटतं माझ्यावरही तेवढंच आहे. म्हणून बातमी कर्जावर लिहा, विम्यावर लिहा, सावकारावर लिहा, तहसीलदाराच्या चौकशी अहवालात केस सरकारी मदतीला पात्र ठरली की अपात्र आणि का त्यावर लिहा, आणि खाली टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या, तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात तर हे डोळ्यांत तेल घालून पाळा.

आता मालक आणि संपादकांनो, तुमच्याकडे वळतो, कारण वरचं सगळं वाचून तुम्ही उद्या बातमीदाराला झापाल आणि तेवढ्यावर सोडाल हे मला माहितीये. पॉक्सोच्या कलम २३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की कर्मचाऱ्याने केलेल्या कृत्यासाठी प्रकाशक किंवा मालकही जबाबदार. तालुक्यातला तो पोरगा पगारावर नाही, बातमीमागे काहीतरी मिळतं किंवा तेही नाही, दिवाळी अंकाच्या आणि वाढदिवसाच्या जाहिराती आणायचं टार्गेट मात्र आहे, आणि ज्या साहेबांच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची त्यांच्याच विरोधात बातमी कशी द्यायची हा प्रश्न त्याच्यावर सोडलेला. कायद्याची साधी एक दिवसाची कार्यशाळा त्याला कुणी दिलेली नाही. दुसऱ्या पोर्टलने आधी टाकलं की तुम्ही ग्रुपवर सगळ्यांसमोर त्याला विचारता, "आपल्याकडे का नाही?" ह्या प्रश्नाने जेवढी बातमीदारी बिघडली तेवढी दुसऱ्या कशानेही बिघडलेली नाही. आणि केस झाली की तोच एकटा तारखांना जातो, वकिलाचे पैसे स्वतःचे.

कुणाची भीती नाही म्हणून हे चालतं का, तर थोडं तसंही आहे. प्रेस कौन्सिल फक्त ताकीद देऊ शकतं, निषेध करू शकतं, दंड नाही, आणि तेही फक्त छापील माध्यमांना. चॅनेलांची स्वतःची जी संस्था आहे तिचा एक लाखाचा दंड पुरेसा नाही हे सुप्रीम कोर्टानेच २०२३ मध्ये म्हटलं. डिजिटलवाल्यांसाठी २०२१ चे आयटी नियम आले, त्यातल्या आचारसंहितेच्या मुख्य तरतुदीला मुंबई हायकोर्टाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली, आणि सरकारबद्दलची बातमी खरी की खोटी हे सरकारनेच ठरवायचं ते फॅक्ट चेक युनिट सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केलं. दोन्ही निकालांनी मला मनापासून आनंद झाला, सरकारने आपलं पान तपासावं हे मला कधीच मान्य होणार नाही. पण लहान मुलीच्या शाळेचा फोटो छापून आपण रोज त्या सरकारच्या हातात कारण देतोय. प्रत्येक नवीन बंधन आणताना हीच उदाहरणं संसदेत वाचून दाखवली जातील, आणि तेव्हा भ्रष्टाचाराची बातमी देणारा पत्रकारही त्यात भरडला जाईल.

मला तुमच्याकडून फार काही नकोय. लैंगिक गुन्हा, अल्पवयीन आणि आत्महत्या ह्या तीन प्रकारच्या बातम्या बातमीदाराला परस्पर पोस्ट करू देऊ नका, डेस्कवरच्या एका माणसाने वाचल्याशिवाय जाणार नाहीत एवढं ठरवा, रात्री बारा वाजले तरी. उशीर झाला म्हणून कुणाला बोलणार नाही असं बातमीदारांच्या ग्रुपवर लेखी टाका. तुमच्या नावावर बातमी देताना केस झाली तर वकील तुम्ही द्या. अटकेची बातमी ज्या जागी लावली त्याच जागी सुटकेची लावा, आणि जुन्या लिंकवर वरती "ह्या प्रकरणात अमुक तारखेला निर्दोष मुक्तता झाली" अशी ओळ टाका, तो माणूस नोकरीसाठी गेला की लोक त्याचं नाव गूगल करतात.

आणि एक काम ह्या आठवड्यातच करा. आपापल्या साइटवर, ई-पेपरवर, यूट्यूबवर, फेसबुक पेजवर "अल्पवयीन", "पीडिता", "पॉक्सो" असे शब्द टाकून शोधा. मागच्या पाच-सहा वर्षांतलं बरंच काही निघेल. त्यात गाव, शाळा, आईबापाचा धंदा, आरोपीशी नातं, ब्लर न केलेलं थंबनेल, बातमीच्या लिंकमध्येच घातलेलं नाव, जे असेल ते काढा. लिंक बदलली की गूगलला जुनी कॉपी काढायची विनंती पाठवा, तो फॉर्म ऑनलाइन आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. यूट्यूबचा व्हिडिओ एडिट होत नसेल तर सरळ डिलीट करा, व्ह्यूज जातील तर जाऊ द्या. ई-पेपरचं पान मागे जाऊन बदलता येतं, तुमच्या वेबसाइटवाल्याला सांगा, नाही म्हणाला तर ती आवृत्ती लपवा. कुणाला ह्यात काय ठेवायचं काय काढायचं ते कळत नसेल तर आपल्या जिल्ह्याच्या कोर्टातल्या सरकारी वकिलांना विचारा, मी ज्यांना ज्यांना विचारलंय त्यांनी आनंदाने सांगितलंय.

तुमचाच,
जिल्हा डेस्कवरचा एक उपसंपादक